तिसरं पातं

जेवायला कुणी बसेना. वर माडीवर ताटं मांडून झाली होती, पेल्यांत पाणी ओतून झालं होतं, आणि माणसं मात्र खाली शेडमध्ये विमानाच्या नाकापाशी उभी होती. वहिनीनं जिन्यातून दोनदा हाक मारली. मग ती स्वतःच उतरली, कारण सगळे एका जागी आणि आवाज कुणाचाच नाही, असं त्या घरात सहसा घडत नसे.

"रेघ सरकलीय," बारकी म्हणाली. तिच्या हातात भिंग होतं.

सकाळी विमान दोरखंडांनी जखडून इंजिन पूर्ण वेगानं चालवलं होतं. या कारखान्यातून आजवर बाहेर पडलेला प्रत्येक पंखा एकाच लाकडी ठोकळ्यातून कोरलेला असे. त्याचा कोन एकदा कोरला की जन्माचा, आणि एखादं पातं दगडानं फुटलं की सगळा पंखा जळणात. बारकीच्या या नव्या पंख्याची तीन पाती सुटी होती. पातं लाकडाचंच, पण बुडाला पोलादी टोपण, आणि ते टोपण मधल्या पोलादी हबमध्ये आवळायचं. नट सैल करा, पातं हव्या त्या कोनात फिरवा, पुन्हा आवळा. उंचावरच्या आखूड धावपट्टीवरून उडायचं असेल तर पाती जराशी चपटी, खाली लांबचा पल्ला असेल तर जास्त तिरकी. यासाठी तिनं चार वर्षं घातली होती.

आवळून झाल्यावर प्रत्येक पात्याच्या बुडापासून हबपर्यंत तिनं एक लाल रेघ ओढली होती. दोन पात्यांवर ती सलग होती. तिसऱ्यावर मध्येच तुटली होती, केसभर.

"किती फिरलं?" तिच्या थोरल्या भावानं विचारलं.

"अर्धा अंश. थोडं कमीच असेल."

"आणि बघितलं कुणी?"

"मीच. तुम्ही सगळे चहाला वर गेलात तेव्हा."

वहिनीनं आधी नणंदेकडे बघितलं आणि मग आपल्या भावाकडे. तो पंख्याला पाठ टेकून, हाताची घडी घालून उभा होता. घरात त्याला सगळे पायलटच म्हणत. दुपारी चारला, पाहुण्यांसमोर, पूर्ण ओझं भरून हे विमान उडवायचं होतं ते त्यानंच.

शेडच्या पत्र्याला एक ठिगळ होतं. आजोबांनी तरुणपणी सुट्या पात्यांचा एक पंखा केला होता. त्याचं एक पातं चाचणीच्या वेळी निसटून तिथून आरपार गेलं होतं, आणि तेव्हापासून या घरात तो विषय बंद होता, बारकीनं उकरून काढेपर्यंत. आता वर कुणी बघितलं नाही. पण बघायचं टाळलं, हे सगळ्यांना कळलं.

"आधी जेवून घ्या," आत्या म्हणाली. "उपाशी पोटी घेतलेला निर्णय आणि ओल्या लाकडाचा पंखा, दोन्ही नंतर वाकतात."

*

जेवताना थोरल्यानं पहिला घास घ्यायच्या आधीच सांगून टाकलं. "जुना पंखा चढवायचा. अर्धं ओझं भरून उडवू, पाहुण्यांना चहा पाजू आणि वाटेला लावू."

"अर्धं ओझं आरोग्य खात्याला बघायचंच नाहीये, दादा," बारकी म्हणाली. "डॉक्टरीणबाई, औषधाच्या पेट्या आणि एक आजारी माणूस, एवढं घेऊन वरच्या पट्टीवरून विमान उठतं की नाही, ते बघायला येताहेत. नाही उठलं तर वरच्या खोऱ्यातली विमानाची फेरी बंद करणार. जुन्या पंख्यानं ते उठत नाही, हे तुलाही माहीत आहे."

"मला हेही माहीत आहे की तुझं पातं फिरलं."

"फिरलं. म्हणून तर सांगितलं."

"आता जोडणी कशी झाली, हब कुठं चुकला, ते महिनाभर शोध. मी अडवणार नाही. पण आज नाही."

बारकीनं ताटातलं बोटानं इकडचं तिकडं केलं. गेली चार वर्षं या टेबलाशी तिच्या बाजूनं बोलणारा एकच माणूस होता, तो म्हणजे दादा. वडील गेल्यावर त्यानंच तिला शिकवलं, त्यानंच तिला कारखान्याचा कोपरा रिकामा करून दिला. वहिनी मात्र पहिल्यापासून विरोधात. तिच्यासमोर या पंख्याचं नाव काढलं की ती उठून स्वयंपाकघरात जायची. त्यामुळे आता वहिनीनं पाण्याचा पेला खाली ठेवला तेव्हा बारकीनं मनाची तयारी करून ठेवली.

"मला वाटतं, आज पाहुणे येईपर्यंत बघावं काय झालंय ते," वहिनी म्हणाली.

थोरल्याचा घास हातातच राहिला. "तू म्हणतेयस हे?"

"मीच म्हणतेय."

"अगं, तुझा भाऊ बसणार आहे त्यात."

"म्हणूनच म्हणतेय." तिचा आवाज चढला नाही. "मला या पंख्याची भीती नव्हती हो. मला भीती होती हिची. चार वर्षं जीव टाकलाय हिनं. अशा माणसाला आपल्या कामातलं उणं दिसत नाही, आणि दिसलं तरी सांगवत नाही. आज दिसलं आणि सांगितलं. कुणी विचारलंही नव्हतं. सकाळी इंजिन बंद झाल्यावर तुम्ही काय म्हणालात? सगळं झकास. आणि गेलात चहाला."

पायलटनं हसू लपवायला पेला तोंडाला लावला.

"आणि तू रे, उडाणटप्पू?" आत्यानं त्याला विचारलं. त्याच्या वडिलांनी त्याला लहानपणी हे नाव ठेवलं होतं. पोरगं पुढे खरंच उडायला लागेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. "तुझं काय म्हणणं?"

"मी काय म्हणणार, आत्या. इकडे ताई, तिकडे दाजी. मी कुणाच्याही बाजूनं बोललो तरी एका घरचं जेवण बंद."

"विनोद नको. जीव तुझा आहे."

पायलटनं पेला खाली ठेवला. "का फिरलं ते मला कुणी सांगितलं, आणि ते मला पटलं, तर बसेन. नाही पटलं तर नाही. नशिबावर हवाला ठेवून मी आजवर उडालेलो नाही."

आत्यानं ताट सरकवलं. कारखान्याच्या दारावर नाव तिच्या वडिलांचं होतं आणि शब्द तिचा चाले. "पाहुणे चारला येतील. त्याआधी कारण सापडायला हवं, आणि इंजिन पुन्हा पूर्ण वेगानं चालायला हवं, सकाळच्या दुप्पट वेळ. रेघ हलली तर जुना पंखा. मग कुणी एक शब्द काढायचा नाही."

"आणि कारण नाही सापडलं तर?" थोरल्यानं विचारलं.

"तर तुझंच खरं. पण तोवर जुना पंखा भिंतीवर राहू दे."

थोरला उठला. हात धुऊन तो कुणाकडे न बघता जिना उतरून गेला.

*

शेडसमोरच्या धावपट्टीच्या कडेला, गवतात, चुन्यानं रंगवलेला एक दगड होता. वरच्या पट्टीची लांबी मोजून, वरच्या विरळ हवेसाठी थोडी वजा करून, तो तिथं ठेवला होता. विमान त्या दगडाच्या आत उठलं तर वरही उठेल. थोरला त्यावर बसला होता. पायलट शेजारी गवतावर टेकला.

"दाजी, रागावलात?"

"रागावू कशाला."

"मग बायकोनं पक्ष बदलला म्हणून इतके लांब येऊन बसलात?"

थोरल्यानं गवताची काडी तोडली. "तू जाशील उडून. बरंवाईट झालं तर तुझी सुटका. मागे राहणाऱ्यांचं बघ ना. तुझ्या बहिणीसमोर मी कुठल्या तोंडानं उभा राहणार? पण ते एक वेळ सोड. बारकीचं काय? ती पुढचं सगळं आयुष्य ती केसभर रेघ बघत बसेल. आमचे आजोबा बसले तसे. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं, तरी त्यांनी पुन्हा हातात रंधा धरला नाही. मी तिला लहानाची मोठी केलीय. तिच्यावर ती पाळी यायला नको."

पायलटला हे अपेक्षित नव्हतं. दाजींना वेळापत्रकाची, पाहुण्यांची, चारचौघांतल्या नाचक्कीची काळजी असेल असं तो धरून चालला होता.

"हे तुम्ही तिला सांगितलंत का?"

"असलं कुणी सांगतं का?"

"दाजी, तिला वाटतंय तुमचा तिच्यावरचा विश्वास उडाला. टेबलाशी तिचं तोंड बघितलं नाहीत तुम्ही. मी बघितलं."

 थोरल्यानं काडी टाकून दिली, आणि शेडच्या दिशेनं तोंड करून बसला.

*

शेडच्या मागच्या खोलीत वहिनीचं राज्य होतं. दोन पोलादी धारा, सुरीच्या कडेसारख्या, एका पातळीत बसवलेल्या, त्यांवर पंखा आडवा दांडा घालून ठेवायचा आणि तो कुठल्या बाजूला झुकतो ते पाहायचं. या घरात लग्न होऊन आल्यावर आत्यानं तिला ते काम शिकवलं, आणि दोन वर्षांत ती आत्याच्या पुढं गेली. पात्याच्या टोकाला कागदाचा कपटा चिकटवला तरी तिला कळे. ती खिडक्या लावून घेई, आणि खोलीत कुणी जोरात श्वास घेतलेलाही तिला चालत नसे.

तिनं आणि बारकीनं मिळून पंखा विमानावरून जसाच्या तसा उतरवला, एक नटही सैल न करता, आणि धारांवर ठेवला.

"काल तोल अगदी बरोबर होता," वहिनी म्हणाली. "मी स्वतः पाहून सोडला होता."

"माहीत आहे."

वहिनीनं पंखा हलक्या बोटानं ढकलला आणि हात काढून घेतला. तो सावकाश फिरला, रेंगाळला, आणि मागे येऊन थांबला. तिसरं पातं खाली. तिनं पुन्हा ढकलला. पुन्हा तेच पातं खाली.

"हे जड झालं," वहिनी म्हणाली.

"जड कसं होईल? त्याला काही लागलेलं नाही. आणि नुसतं फिरल्यानं वजन वाढत नाही."

"वजन वाढलंय असं मी कुठं म्हटलं? तराजूत दांडीच्या टोकाकडे वजन सरकवलं तर पारडं जातंच ना खाली." वहिनी बोलता बोलता थांबली. दोघी एकमेकींकडे बघू लागल्या.

"बाहेर सरकलंय," बारकी हळूच म्हणाली. फिरणं वेगळं आणि बाहेर येणं वेगळं. आजोबांचं पातंही आधी बाहेरच आलं असणार.

ती स्टुलावर बसली. "दादाचं बरोबर होतं."

"थांब. लगेच हातपाय गाळू नकोस." वहिनीनं पंखा एका हातानं धरून ठेवला. "मला एक सांग. काल पाती आवळलीस तेव्हा पंखा कसा होता? आडवा टेबलावर?"

"नाही, उभ्या खांबावर. हब खांबाला लावून."

"मग तीन पात्यांपैकी हे कुठं होतं?"

"वर," बारकी म्हणाली. "दोन खाली तिरकी, हे वर."

बोलता बोलताच ती उभी राहिली. प्रत्येक टोपणाला बुडाशी एक जाड कडा होती, खांद्यासारखी. पातं बाहेर जायला लागलं की तो खांदा हबच्या आतल्या ओठाला अडायचा. सगळा भरवसा त्या खांद्यावर होता. खालची दोन पाती स्वतःच्या वजनानं लोंबत होती, त्यांचे खांदे आधीच ओठाला टेकलेले. वरचं मात्र स्वतःच्या वजनानं आत बसलं होतं, ओठापासून जरासं सुटं. तसंच तिनं ते आवळलं होतं. इंजिन जोरात फिरल्यावर ते बाहेर ओढलं गेलं, खांदा ओठाला टेकेपर्यंत. त्या सरकण्यात पकड क्षणभर सैल झाली आणि तेवढ्यात ते फिरलं.

"ते निसटत नव्हतं, वहिनी. ते जागेवर बसत होतं."

"खात्री कशी करायची?"

"नट सोडून बघू. खांदा ओठाला टेकलेला असेल तर आता ते आणखी बाहेर येणार नाही, कितीही ओढा."

वहिनीनं खिडकी उघडली आणि पट्टीच्या दिशेनं हाक मारली. "अहो. साखळीची पुली लागणार आहे. आणि तुम्हीही."

*

खांबावर पंखा चढवला, तिसरं पातं खाली केलं आणि त्याचे नट सैल केले. पात्याच्या मानेला कापडात गुंडाळलेला पट्टा अडकवला, पट्टा साखळीला, साखळी जमिनीतल्या कड्याला. थोरल्यानं साखळी ओढायला घेतली. खांबाचं लाकूड करकरलं. बारकी हबशी डोळा लावून बसली होती.

"आणखी," ती म्हणाली.

"आणखी ओढलं तर खांब उपटेल."

"आणखी, दादा."

त्यानं ओढलं. पातं तसूभरही हललं नाही. पायलटनं वाकून स्वतः बघितलं, बोटानं चाचपलं, आणि बारकीकडून सगळं पुन्हा एकदा ऐकून घेतलं. वर असलेलं पातं, आत बसलेलं, मग बाहेर आलेलं. मध्ये त्यानं तीन-चार आडवे प्रश्न विचारले. शेवटी तो उठला. "पटलं," म्हणाला.

मग प्रत्येक पातं एकेक करून खाली आणलं, साखळीनं बाहेर ताणलं, ताण तसाच ठेवून कोन लावला आणि आवळलं. वहिनीनं तोल पाहिला. बारकीनं नव्या रेघा ओढल्या. विमान पुन्हा दोरखंडांनी बांधलं, आणि इंजिनाचा आवाज इतका वेळ चालला की वरच्या माडीत मांडणीवरचे पेले एकमेकांवर वाजत राहिले.

इंजिन थांबल्यावर बारकी पुढे झाली नाही. तिनं भिंग भावाकडे दिलं.

थोरल्यानं तिन्ही रेघा पाहिल्या. एकदा, आणि पुन्हा उलट्या क्रमानं. "सलग आहेत," तो म्हणाला. मग आत्याकडे वळून म्हणाला, "तिन्ही सलग आहेत."

"मी बहिरी नाही," आत्या म्हणाली. "आता अंगावरचे कपडे बदला. पाहुणे आले की त्यांना तेलकट हात नको दाखवायला."

*

पाहुणे तिघं होते. आरोग्य खात्याचे दोन अधिकारी आणि वरच्या खोऱ्यातली डॉक्टरीणबाई. अधिकाऱ्यांनी वाळूची पोती मोजून विमानात भरायला लावली. डॉक्टरीणबाई सरळ चुन्याच्या दगडापाशी जाऊन उभी राहिली, जणू इतर कशाशी तिला कर्तव्य नव्हतं.

विमान धावलं. वहिनी आणि बारकी शेजारी उभ्या होत्या आणि कुणी कुणाचा हात धरला हे दोघींनाही नंतर सांगता आलं नसतं. चाकं दगडाच्या बरीच अलीकडे सुटली. विमान डॉक्टरीणबाईच्या डोक्यावरून गेलं तेव्हा तिनं पदर सावरला आणि मान वर करून ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिली.

खरी अडचण परतताना झाली. पट्टीच्या दूरच्या टोकाला मुरूम उखडला होता. विमान टेकलं, पुढे आलं, आणि ठक्क असा आवाज सगळ्यांनी ऐकला. पायलटनं इंजिन बंद केलं. एका पात्याच्या टोकाचा तळहाताएवढा तुकडा उडाला होता.

अधिकाऱ्यांपैकी मोठा जवळ येऊन बघून गेला. "वाईट झालं," तो म्हणाला. "उड्डाण छान होतं. पण वर तर याहून जास्त दगड आहेत. तिथं असं झालं तर काय, विमान महिनाभर तिथंच?"

थोरला उत्तर द्यायला पुढे झाला आणि थांबला. त्यानं बहिणीकडे बघितलं.

"पातं बदलायचं," बारकी म्हणाली. "वर एक जादा पातं ठेवायचं. बसवायला दोन माणसं लागतात. साखळी नसेल तर दगड बांधूनही ताणता येतं."

"आणि तोल?" अधिकाऱ्यानं विचारलं. त्याला या कामातलं थोडंफार कळत होतं. "नवं पातं बाकीच्या दोन पात्यांशी जुळेल कशावरून?"

"जुळवून ठेवलंय," वहिनी म्हणाली. "एक नाही, दोन. पहिल्या तीन पात्यांबरोबरच."

बारकीनं चमकून तिच्याकडे बघितलं. जादा पाती कोरलेली होती, पण त्यांचा तोल कुणी पाहिल्याचं तिला ठाऊक नव्हतं. या पंख्याचं नाव निघालं की उठून जाणारी वहिनी.

"अशी बघू नकोस," वहिनी पुटपुटली. "विरोध वेगळा, काम वेगळं. माझा भाऊ बसणार होता त्यात."

"चहा घेणार का?" आत्यानं पाहुण्यांना विचारलं. "खुर्च्या इथंच मागवते. बघत बसा."

खुर्च्या आल्या. थोरल्यानं नवा सदरा काढून विमानाच्या पंखावर टाकला आणि बाह्या नसलेल्या बनियनवर कामाला लागला. पंखा हातानं फिरवून त्यानं फुटलेलं पातं खाली आणलं, नट सोडले, ते काढून गवतावर ठेवलं. वहिनीनं नवं पातं आणून दिलं. पायलटनं विमानाच्या चाकाशी साखळी अडकवली आणि ताणून धरली. डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठून अगदी जवळ येऊन उभी राहिली, आणि कुठला नट आधी, कुठला नंतर, ते विचारत राहिली. वर गेल्यावर हे तिलाच करावं लागणार होतं.

थोरल्यानं पाना हातात घेतला. मग नटाला न लावता तसाच धरून तो बहिणीकडे वळला.

"कोन किती?"

आजवर या कारखान्यात हा प्रश्न त्यानं कुणाला विचारला नव्हता. पंखा कसा कोरायचा ते तो सांगायचा आणि बाकीचे कोरायचे. बारकी त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसली, पात्यावर कोनमापक ठेवला आणि दोन बोटांनी पातं अगदी थोडं वळवलं.

"एवढा," ती म्हणाली. "आता आवळ."

त्यानं आवळलं. अधिकाऱ्यांचा दुसरा चहा संपायच्या आत इंजिन पुन्हा सुरू झालं, आणि या खेपेला वाळूच्या एका पोत्याच्या जागी डॉक्टरीणबाई स्वतः बसली.